नैरोबी शहर : तेथील प्रेक्षणीय स्थळे आणि लोकांच्या नित्याच्या सोयी

कोणत्याही मोठ्या शहराचे वर्णन दोन प्रकारांनी करिता येते. प्रवासी मनुष्य तेथील इमारती, बागा, पदार्थसंग्रहालये व प्रार्थनामंदिरे यांची यादी करितो. तेथेच राहणारा गृहस्थ मात्र नळास पाणी किती वाजता येते, कामावर जाण्यास गाडी मिळते की नाही, शाळा घरापासून किती दूर आहे, या गोष्टी प्रथम सांगतो. दोन्ही वर्णने खरीच असतात. परंतु ती शेजारीशेजारी ठेवून वाचल्याखेरीज शहराचे यथार्थ ज्ञान होत नाही. प्रस्तुत लेखात आफ्रिका खंडातील केनिया देशाची राजधानी नैरोबी हिचा परिचय या दोन्ही अंगांनी करून देण्याचे योजिले आहे. वाचताना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न सतत मनापुढे ठेवावा. तो असा की, ही वस्तू कोणाच्या श्रमाने निर्माण झाली, आणि तिचा उपभोग कोणास घेता आला? नैरोबीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे बहुतांशी याच प्रश्नाचे उत्तर होय.

स्थान व नाव

नकाशा पुढे घ्या. मुंबईहून नैऋत्य दिशेस अरबी समुद्र ओलांडून गेले असता आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोंबासा हे बंदर लागते. तेथून वायव्येस, देशाच्या आतल्या भागात, उंच पठारावर नैरोबी वसलेली आहे. विषुववृत्त तेथून फार दूर नाही; त्याच्या दक्षिणेस केवळ सव्वा अंशाच्या सुमारास हे शहर येते. एवढ्यावरून तेथे भाजून काढणारे ऊन असेल असा तर्क कोणी करील, तर तो चुकीचा ठरेल. नैरोबीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही चारशे मीटरांच्या वर आहे. त्यामुळे हवा बारमाही सौम्य असते, आणि जून-जुलै महिन्यांत तर सकाळसंध्याकाळ लोकरीचे कपडे अंगावर घ्यावे लागतात. पावसाळे दोन : एक मार्च ते मे आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑक्टोबराच्या सुमारास जॅकरंडाची झाडे फुलून रस्तेच्या रस्ते जांभळे दिसतात.

'नैरोबी' हा शब्द मसाई लोकांच्या भाषेतील असून त्याचा अर्थ 'थंड पाणी' असा आहे. मसाई हे गोधन बाळगणारे लोक. येथील ओढ्यावर ते आपल्या गुरांस पाणी पाजीत. जवळच्या उंचवट्यावर किकुयू लोकांची शेती होती. मधला भाग दलदलीचा असून तेथे गाव असे काही नव्हते.

शहराची उत्पत्ती

दलदलीच्या जागी राजधानी उभी राहण्यास कारण झाला तो लोहमार्ग. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे नेण्याचे काम ब्रिटिश सरकारने १८९६ साली आरंभिले. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांत पंजाबातील लोकांचा भरणा फार मोठा होता. रुळ ३२७ व्या मैलापर्यंत येऊन पोहोचले ते १८९९ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस. पुढे चढणीची जमीन असल्यामुळे सामानाचे कोठार, कारखाना व कामगारांच्या राहुट्या यांसाठी सपाट जागेची गरज होती, आणि ती येथे सापडली. अशा रीतीने नैरोबीचा पाया पडला. १९०१ साली लोहमार्ग सरोवराच्या काठी किसुमू येथे पोहोचला. तोपर्यंत सुमारे २५०० हिंदी मजूर आजाराने, अपघाताने व वन्य श्वापदांमुळे मृत्यू पावले होते. मार्गाची लांबी ५८२ मैल धरिली, तर दर मैलास चार माणसांहून अधिक हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. वाचलेल्यांपैकी पुष्कळसे मायदेशी परतले आणि सुमारे ६७०० तेथेच राहिले.

या मजुरांच्या मागोमाग दुकानदार, कारकून, शिंपी व वैद्य आले. गोमंतकातून आलेले डॉ. रोझेंदो आयर्स रिबेरो यांनी १९०० साली नैरोबीत वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला. रोग्यांच्या घरी ते माणसाळविलेल्या झेब्र्यावर बसून जात, ही गोष्ट तेथे अद्यापि सांगितली जाते. १९०२ साली हिंदी बाजारात ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, उद्भवला, तेव्हा रोग ओळखून अधिकाऱ्यांस कळविणारे हेच होते. त्यावर अधिकाऱ्यांनी सगळा बाजारच जाळून टाकिला. त्यांच्या नावाची शाळा आजही नैरोबीत आहे.

पुढे १९०५ साली राज्यकारभाराचे ठाणे मोंबासाहून येथे आले. शहर वाढले, पण ते वेगवेगळ्या कप्प्यांत वाढले. उंचावरील हवेशीर भाग युरोपियनांस, मधला भाग हिंदी लोकांस, आणि पूर्वेकडील सखल भाग आफ्रिकन कामकऱ्यांस, अशी वाटणी झाली. ज्यांचा तो देश, त्या आफ्रिकन पुरुषांस आपल्याच राजधानीत फिरताना गळ्यात ओळखपत्राची धातूची डबी अडकवावी लागे. या डबीस 'किपांडे' म्हणत. केनिया देश १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. या लढ्यात नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पिओ गामा पिंटो यांनी पुढाकार घेतला होता. १९६५ साली त्याच शहरात मारेकऱ्यांनी त्यांचा बळी घेतला.

प्रेक्षणीय स्थळे

जेथून शहराचा उगम झाला तेथूनच आपणही आरंभ करू. जुन्या रेल्वे स्थानकाजवळ रेल्वे संग्रहालय आहे. त्यात जुनी वाफेची इंजिने व डबे जतन केले आहेत. एका डब्यापुढे पाहणारांची पावले विशेष थांबतात. १९०० साली कीमा नावाच्या स्थानकावर नरभक्षक सिंहास मारण्यासाठी रायल नावाचा पोलीस अधिकारी याच डब्यात रात्री दबा धरून बसला. त्यास झोप लागली, सिंह डब्यात शिरला आणि त्यासच ओढून घेऊन गेला. स्थानकाच्याच भागात एक लहानसे स्मृति-उद्यान आहे. ७ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकन वकिलातीवर बॉम्बहल्ला होऊन नैरोबीत २१३ माणसे प्राणास मुकली. त्यांची नावे तेथील भिंतीवर कोरलेली आहेत.

राष्ट्रीय पदार्थसंग्रहालय १९३० साली उघडण्यात आले. अंगणात अहमद नावाच्या हत्तीची पूर्णाकृती प्रतिमा आहे. या हत्तीचे सुळे इतके लांब होते की, शिकारी त्यास मारतील या भीतीने राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी १९७० साली खास हुकूम काढून त्यास संरक्षण दिले. १९७४ साली तो आपल्या आयुष्याच्या ओघाने मेला. परंतु या संग्रहालयाचे खरे धन आहे ते प्राचीन मानवाच्या अस्थींचे. तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस १९८४ साली एका किशोराचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. तो सुमारे पंधरा-सोळा लक्ष वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा पहिला तुकडा ओळखणारे कामोया किमेयू हे केनियाचेच रहिवासी. शाळेचे शिक्षण त्यांस थोडेच मिळाले होते. पण खड्यांच्या राशीतून हाडाचा तुकडा अचूक हेरणारी त्यांची दृष्टी मोठमोठ्या पंडितांस थक्क करून सोडी.

नैरोबी राष्ट्रीय उद्यान हे या शहराचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ. १९४६ साली स्थापन झालेले हे केनियातील पहिले राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर आहे. सिंह, गेंडा, रानरेडा, झेब्रा व जिराफ येथे मोकळे हिंडतात, आणि त्यांच्या मागे क्षितिजावर राजधानीच्या उंच इमारती दिसतात. तीन बाजूंस कुंपण आहे. दक्षिणेची बाजू मात्र खुली ठेविली आहे. कारण पावसापाण्याप्रमाणे जनावरांस माळावर ये-जा करणे अवश्य असते. उद्यान होण्यापूर्वी याच माळावर मसाई लोकांची गुरे चरत. पशूंसाठी कुंपण घातले गेले, तेव्हा त्या गुराख्यांची वाट बंद झाली, हेही ध्यानात ठेवावे. याच उद्यानात १९८९ साली सरकारने १२ टन हस्तिदंत जाळून भस्म केले, आणि २०१६ साली १०५ टन. एवढे धन का जाळावे, असा प्रश्न मुलांस पडेल. त्याचे उत्तर असे : हस्तिदंताला किंमत आहे तोवर हत्तीचा जीव धोक्यात, आम्ही तो विकणार नाही, हे साऱ्या जगास दिसावे यासाठी ती होळी होती. उद्यानाच्या कडेस मातेविना पोरक्या झालेल्या हत्तींच्या पिलांचे संगोपनगृह आहे. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी आपल्या पतीच्या स्मरणार्थ १९७७ साली स्थापिलेल्या संस्थेकडून ते चालविले जाते. पिलांस मोठ्या बाटलीने दूध पाजितात, आणि रात्री राखणदार त्यांच्याजवळच निजतात. जवळच लांगाटा भागात जिराफ-केंद्र आहे. तेथे उंच ओट्यावर उभे राहून मुलांस आपल्या हातांनी जिराफास चारा भरविता येतो.

शहराच्या मध्यभागी केन्याटा परिषदगृहाची २८ मजली वाटोळी इमारत १९७३ साली पुरी झाली. तिच्या माथ्यावरून एका बाजूस उद्यानाचा माळ व दुसऱ्या बाजूस न्गोंग टेकड्या दिसतात. विश्वविद्यालयाच्या आवारात महात्मा गांधींचा पुतळा असून त्याचे अनावरण १९५६ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. अखिल संतांचे कॅथीड्रल, जामिया मशीद, गुरुद्वारे व मंदिरे ही तर सर्वांस ठाऊक आहेत.

आता बागांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कारण नैरोबीच्या बागा आयत्या राहिलेल्या नाहीत, लोकांनी त्या राखिल्या आहेत. कंत्राटदार ए. एम. जीवनजी यांनी शहरास दिलेली जीवनजी बाग १९०६ पासून लोकांच्या विसाव्याची जागा आहे. १९९१ साली तेथे मोठी इमारत उठविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जीवनजींची नात झरीना पटेल हिने लोकांस जागे करून तो बेत हाणून पाडिला. त्यापूर्वी दोन वर्षे असाच प्रसंग उहुरू पार्क या विस्तीर्ण उद्यानावर आला होता. 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. त्या स्वातंत्र्याच्या उद्यानात ६० मजली इमारत बांधण्याचे सत्ताधाऱ्यांनी ठरविले. विरोध करण्यास पुढे आल्या वांगारी माथाई. या बाई मिशनच्या शाळांत शिकलेल्या, आणि पूर्व व मध्य आफ्रिकेतील स्त्रियांत डॉक्टरेटची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या. त्यांनी पत्रांमागून पत्रे लिहिली. लोकप्रतिनिधींनी सभागृहात त्यांची थट्टा केली, पण त्या मागे हटल्या नाहीत. अखेर इमारतीचा बेत सोडून द्यावा लागला. पुढे शहराच्या उत्तरेकडील करूरा अरण्याचे तुकडे खाजगी लोकांस वाटण्यात आले. तेथे झाडे लावावयास गेल्या असता १९९९ साली त्यांच्यावर हल्ला होऊन डोक्यास जखम झाली. तरीही अरण्य वाचले. सुमारे हजार हेक्टरांच्या त्या वनात आज लहानथोर माणसे निर्भयपणे फिरावयास जातात. माथाई बाईंस २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २०११ साली त्या निवर्तल्या.

नित्याच्या सोयी

२०१९ सालच्या शिरगणतीप्रमाणे नैरोबीची लोकसंख्या ४३,९७,०७३ आहे. एवढ्या लोकांचा दिवस कसा जातो ते आता पाहू.

प्रथम वेळेविषयी. आपल्याकडे दुपारचे बारा वाजले असता तेथे सकाळचे साडेनऊ असतात. परंतु स्वाहिली भाषेत दिवसाची गणना सूर्योदयापासून करितात. आपल्या घड्याळात सकाळचे सात झाले की ते म्हणतात, 'एक वाजला.' विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने बहुधा साडेसहाच्या सुमारासच उगवतो, म्हणून ही पद्धत तेथे सोयीची पडते.

प्रवास. नोकरचाकर, विद्यार्थी व व्यापारी यांचे वाहन म्हणजे 'मटाटू' नावाची खाजगी प्रवासी गाडी. 'टाटू' म्हणजे तीन. पूर्वी भाडे दहा सेंटांची तीन नाणी असे, त्यावरून हे नाव पडले. १९७३ सालापर्यंत या गाड्या परवान्याविना चालत. त्या साली त्यांस मान्यता मिळाली. २००४ साली वेगावर बंधन, आसनास पट्टे व बाजूस पिवळी रेघ असे नियम घालण्यात आले. गाड्यांवर भडक चित्रे रंगविलेली असतात, आत मोठ्याने गाणी वाजतात, आणि दारात लोंबकळणारा पोरगा गाडी कोठे जाणार ते ओरडून सांगतो. २०२२ साली शहरावरून २७ किलोमीटर लांबीचा उन्नत महामार्ग खुला झाला. जकात भरणारास तो झटपट विमानतळाकडे नेतो. खालच्या रस्त्यावर मटाटूंची रांग पूर्वीसारखीच लागलेली असते.

पैशाचा व्यवहार. या बाबतीत नैरोबीने जगास धडा दिला. २००७ साली तेथे 'एम-पेसा' ही योजना निघाली. गल्लीतील दुकानदाराकडे रोकड भरावी. ती आपल्या साध्या दूरध्वनीच्या खात्यात जमा होते. मग गावाकडील आईस, शाळेच्या फीसाठी वा भाजीवालीस ती संदेशाने पाठविता येते. बँकेचे तोंडही न पाहिलेल्या लक्षावधी लोकांस यामुळे व्यवहार सुलभ झाला. आणि 'पेसा' हा शब्द कोठून आला? तो आपलाच 'पैसा' होय. 'लाकी' म्हणजे लाख, 'गारी' म्हणजे गाडी, आणि 'चपाती' तर चपातीच. लोहमार्ग बांधणारे व त्यांच्या मागून आलेले दुकानदार यांची आठवण स्वाहिली भाषेने अशी जपून ठेविली आहे.

अन्न व बाजार. गरिबांचे मुख्य अन्न 'उगाली', म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिच्याबरोबर कांदा-टोमॅटो घालून परतलेली हिरवी पालेभाजी खातात. तिचे नाव 'सुकुमा विकी', अर्थात 'आठवडा ढकल'. मजुरी हाती येईपर्यंतचे दिवस या स्वस्त भाजीवर काढावयाचे, हे त्या नावातच आले. गिकोंबा येथील बाजारात परदेशांतून गठ्ठ्यांनी आलेले वापरलेले कपडे विकतात. पुष्कळ घरांचा पोशाख तेथूनच येतो. बाजारात प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र दिसावयाच्या नाहीत. २०१७ सालच्या ऑगस्टापासून त्यांस कायद्याने बंदी आहे.

पाणी. ज्या शहराचे नावच 'थंड पाणी', त्यास आज पाण्याची चणचण भासते. बहुतेक पाणी उत्तरेकडील डोंगराळ भागातील न्डाकाईनी धरणातून येते. त्यात सात कोटी घनमीटर पाणी मावते. तथापि पाऊस कमी पडला की निरनिराळ्या भागांस पाळीपाळीने पाणी सोडावे लागते. बंगल्यांत टाक्या असतात, त्यामुळे तेथे ही उणीव फारशी जाणवत नाही. परंतु किबेरा या दाट वस्तीत घरोघर नळ नाहीत. बायका व मुले वीस लिटरांचे पिवळे डबे घेऊन पाण्याच्या टपरीवर जातात व डब्याप्रमाणे पैसे देतात. हिशेब केला असता दर लिटरास गरिबाचे पाणी श्रीमंताच्या नळाच्या पाण्याहून महाग पडते! अलीकडे काही ठिकाणी पाण्याच्या नळ्या उंच खांबांवरून नेल्या आहेत, म्हणजे वाटेत त्या फुटून घाण पाणी मिसळण्याचे भय कमी होते. किबेराविषयी आणखी एक गोष्ट. तेथे दहा लक्ष लोक राहतात असे अनेकजण लिहीत आले होते. २००९ च्या शिरगणतीत ही संख्या १,७०,०७० भरली. मोठा आकडा ऐकताच त्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा विद्यार्थ्यांनी येथे घ्यावा. तसेच संख्या लहान ठरली म्हणून डब्याचे ओझे हलके होत नाही, हेही विसरू नये.

वाचनालय. १९३१ साली मॅकमिलन स्मारक वाचनालयाची भव्य इमारत उघडण्यात आली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस दगडी सिंह बसले आहेत. परंतु पंचवीसांहून अधिक वर्षे त्या पायऱ्या केवळ युरोपियनांनीच चढावयाच्या होत्या. इमारतीचे ओझे वाहणारा, तिची फरशी पुसणारा आफ्रिकन मनुष्य आतील पुस्तक हाती घेऊ शकत नसे. आज ते वाचनालय सर्वांचे आहे. पूर्वेकडील कामकरी वस्तीतील त्याच्या कालोलेनी व मकादारा या शाखा मोडकळीस आल्या होत्या. अलीकडे दोन स्त्रियांनी स्थापिलेल्या 'बुक बंक' या संस्थेने त्यांची डागडुजी करून नवी पुस्तके आणिली, आणि शाळा सुटल्यावर तेथे मुलांची दाटी होऊ लागली. जिराफ व सिंह पाहावयास आलेला प्रवासी त्या शाखांकडे कदाचित वळणारही नाही. आमच्या मते मात्र प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत त्यांस मानाचे स्थान दिले पाहिजे.

उपसंहार

येथवरच्या वर्णनावरून दिसून येईल की, नैरोबीत जे जे उत्तम आहे ते प्रारंभी थोड्यांसाठी होते. उंच जागा, वाचनालय व शुद्ध पाणी यांपाशी एक एक पहारेकरी उभा होता. काही दारे राज्य बदलल्यामुळे उघडली. काही वांगारी माथाईंसारख्यांच्या धैर्यामुळे बंद होता होता वाचली. आणि पाण्याचे दार तर अजून अर्धेच उघडे आहे. शहर सुंदर करण्यास धन व कारागीर लागतात. ते सर्वांचे करण्यास याहून अवघड साधन लागते, ते म्हणजे शेजाऱ्याच्या तहानेची जाणीव. ज्या दिवशी किबेऱ्यातील मुलगी पिवळा डबा खाली ठेवून त्या वेळेत कालोलेनीच्या वाचनालयात जाऊन बसेल, त्या दिवशी 'थंड पाणी' हे नाव त्या शहरास पुरतेपणी शोभेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विषुववृत्ताजवळ असूनही नैरोबीची हवा थंड का?
२. शहराची जागा कोणत्या कारणाने निवडली गेली? ते कारण आज कितपत उरले आहे?
३. मौल्यवान हस्तिदंत जाळणे योग्य की अयोग्य? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
४. घरी नळ नसलेल्यास पाणी अधिक महाग का पडते, याचा विचार करून वडीलमाणसांशी चर्चा करा.